पूजेतून उचललेल्या लोखंडी घोड्या

प्रति,
जगदंबा माता, अमरावती.

अर्जदार: मी स्वतः, व्यवसाय अर्जनवीस, बैठक अकोल्याच्या कचेरीसमोर कडुनिंबाखाली, राहणार जुने शहर. गैरअर्जदार: माझे मेहुणे रामदास, शेतकरी, राहणार बार्शीटाकळी. साक्षीदार पहिली: माझी आई. साक्षीदार दुसरी: माझी पत्नी सुमन, ती गैरअर्जदाराची सख्खी बहीण असल्याने तिने माझी बाजू घेतल्याचा आक्षेप टिकणार नाही. घटनेचा दिवस: खंडेनवमी, दुपार. स्थळ: आमचे अंगण. विषय: पूजेतले अवजार उचलल्याबद्दल माझ्यावर ठेवलेला दोष आणि मागितलेले प्रायश्चित्त.

माते, माझे शिक्षण आठवीपर्यंतच झाले असले तरी माझ्या मसुद्यात आजवर भल्याभल्यांना खोट काढता आलेली नाही. इतरांसाठी मी आयुष्यभर लिहिले. स्वतःसाठी लिहिलेला हा पहिलाच अर्ज आहे, आणि तो क्षमेसाठी नाही, हे आरंभीच नमूद करतो.

माझी आई दर दसऱ्याला तुझी ओटी भरते. आता तिचे गुडघे एसटीची पायरी चढू देत नाहीत, म्हणून मी एक जुनी छोटी मोटार घेतली. पावसाळा सरता सरता त्या मोटारीच्या पुढच्या डाव्या चाकातून खडखड आवाज येऊ लागला आणि स्टिअरिंग हातात ढिले वाटू लागले. चाकाला स्टिअरिंगशी जोडणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा झिजला होता. तो सुटला तर चालक एकीकडे वळवतो आणि चाक दुसरीकडे जाते. ज्या गाडीत आपली आई बसते, तिचे स्टिअरिंग आपण स्वतः समजून घ्यावे, असा माझा आग्रह आहे, आणि तो मी सोडलेला नाही. म्हणून मी आधी अवजारे आणली: गाडीचा भार पेलणाऱ्या दोन लोखंडी तिवया, ज्यांना गॅरेजात घोड्या म्हणतात, तो सांधा न ठोकता ओढून काढणारा पुलर, आणि नट हवा तेवढा आवळला गेला की कट् असा आवाज देणारा टॉर्क पाना. रामदास हसले. म्हणाले, "भाऊजी, तुमी गाडीले एक अर्ज लिहून द्या ना! तारीख पडली का आपोआप नीट होईन." मी पान्यावरचे आकडे वाचत राहिलो. अडाणी युक्तिवादाला उत्तर दिले की तो दप्तरी दाखल होतो.

अडचण अशी झाली की सांध्याचा नवा भाग दुकानात लवकर मिळेना. तो हाती आला तो थेट नवमीच्या दुपारी, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आईला घेऊन निघायचे होते. सकाळी मात्र आमची शस्त्रपूजा झालेली होती. पाटावर माझी लेखणी, सुमनची विळी आणि यंदा प्रथमच या घोड्या, पुलर आणि पाना असे सारे मांडले होते. त्यांना हळदकुंकू लावले होते आणि प्रत्येकावर झेंडूचे फूल वाहिले होते. आमच्या घरची रीत अशी की पूजलेले अवजार दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत हलवायचे नाही. सुमन त्या दिवसाची भाजीही आदल्या रात्रीच चिरून ठेवते. आता माझ्यापुढे प्रश्न होता की रीत मोडावी की आईची ओटी.

सणाला आमच्याकडे आलेले रामदास म्हणाले, "काहून एवढा इचार करून राहिले? आमी अख्खा ट्रॅक्टर विटाईवर उभा करतो. देवीवर भार टाका अन् घुसा खाली." मी त्यांचे ऐकले. गाडीसोबतच्या जॅकने पुढची बाजू उचलली, चाक काढले, जॅकच्या शेजारी विटा रचल्या आणि शेजाऱ्याचा हातोडा आणून सांधा ठोकू लागलो. प्रत्येक घावाला गाडी डुले, आणि सांधा जागचा हलत नव्हता. आई ओसरीवर खाटेवर बसून पाहत होती. ती म्हणाली, "बाबू, ते लोखंड देवीनं पाहाले मांगतलं का वापराले?"

मी काही बोलणार, इतक्यात आतून सुमनचा आवाज आला, "अवं आई, घोडीवरचं फूल पडलं!"

मी गाडीखालून बाहेर आलो. आत जाऊन पाहिले, तर एका घोडीवरचा झेंडू पाटाच्या उजव्या अंगाला पडला होता. उजवे फूल म्हणजे होकार, हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. हातोड्याच्या हादऱ्याने ते पडले असेल. असेलही. मी तो वाद घालत नाही. मी हात जोडले, "आई जगदंबे, तुझी वस्तू तुझ्याच कामाला नेतो," एवढे म्हटले, आणि कुंकवासकट घोड्या, पुलर आणि पाना उचलून अंगणात आणले. रामदास ओरडले, "अवो, पाप लागीन!" सुमनने भावाला एवढेच सांगितले, "दादा, तू बस चूपचाप."

घोड्या मी गाडीच्या मजबूत पट्टीखाली दोन्ही अंगांना लावल्या. वास्तविक गाडी जॅकवरून उतरवून त्यांच्यावर टेकवायला हवी होती. पण रामदास "विटा हायेत ना" म्हणत राहिले आणि दोन बोटांची फट तशीच राहिली. मी पुन्हा खाली गेलो, पुलर बसवला आणि त्याचा बोल्ट फिरवू लागलो. जो सांधा हातोड्याला बधला नव्हता, तो एकाएकी टणकन सुटला. त्या झटक्यासरशी खालची वीट फुटली, जॅक तिरपा झाला आणि गाडी खाली आली.

दोन बोटे खाली आली, माते. नंतर घोडीवर बसली आणि थांबली. माझे डोके जिथे होते, तिथून मला घोडीवरचे ओले कुंकू दिसत होते. आईने मला हाक मारली. ज्याने शेकडो अर्ज लिहिले, त्याला एक "ओ" देता येईना. मग सुमनने माझे पाय धरून मला बाहेर ओढले आणि माझ्याच खांद्यावर डोके ठेवून ती रडू लागली.

रामदास दोन पावले मागे सरले होते. पण भीती ओसरताच ते म्हणाले की पूजा मोडली म्हणूनच वीट फुटली. आता देवीसमोर नाक घासा आणि ही अवजारे देवळात देऊन टाका, नाहीतर या गाडीतून नेलेली ओटी देवी घेणार नाही. सुमनही क्षणभर गोंधळली. तेव्हा आई म्हणाली, "मी याच गाडीत जाईन. ज्याले भ्या वाटते त्यानं मांगून मोटारसायकलवर यावं."

मग मी गाडी रीतसर घोड्यांवर टेकवली. जुना भाग दांड्यावर किती आत होता त्याची खूण आधीच सुमनच्या नखपॉलिशने केली होती. नवा भाग तेथवरच फिरवला, नट लावला आणि पान्याने कट् म्हणेपर्यंत आवळला. पहाटे सावकाश निघालो. बडनेऱ्याच्या पुढे मी स्टिअरिंगवरची पकड जरा सैल करून पाहिली, गाडी सरळ चालली होती. दसऱ्यानंतर दुकान उघडताच तिथल्या यंत्रावर चाकांची अलाइनमेंट, म्हणजे चाके सरळ रेषेत आणणे, करून घेतली. ते यंत्र माझ्याकडे नाही, आणि नसलेल्या अवजाराचा अभिमान मी धरत नाही.

तुझ्यासमोर आईने ओटी भरली. मागून मोटारसायकलवर आलेले रामदास माझ्याकडे पाहत उभे होते. मी नाक घासले नाही. नखांत ग्रीस होते, तसेच हात जोडले आणि डोळे भरून तुला पाहिले. शरण जाणे म्हणजे फुटक्या विटेखाली मान देणे, असे मी मानत नाही. तू जे बळकट दिले आहेस, त्यावर विश्वासाने भार ठेवावा आणि मग निश्चिंत व्हावे, एवढेच त्या दुपारी मला कळले. माझे प्राण तू वाचवलेस, हे मी बिनशर्त मान्य करतो. दोष मात्र मान्य करीत नाही.

सबब विनंती की, सदर प्रकरणी निर्णय व्हावा. पुढल्या खंडेनवमीला मी या घोड्या पुन्हा पूजेत मांडणार आहे, आणि आईच्या गाडीला गरज पडली तर पुन्हा उचलणार आहे. आपली हरकत असल्यास फूल पडू देऊ नये.

उत्तराच्या प्रतीक्षेत,
आपला आज्ञाधारक अर्जदार.