अक्कांचं गावरान सॅलड

आमच्या थोरल्या जाऊबाईंचा, म्हणजे अक्कांचा, काकडीवरसुद्धा विश्वास नव्हता. प्रत्येक काकडीचं टोक त्या स्वतः चाखायच्या आणि कडू निघालं तर माझ्याकडे अशा बघायच्या, जणू मीच ती रात्रीत कडू केली होती. दुधाचा तर वास घेऊन झाल्यावर दूधवाल्याचा चेहराही निरखायच्या. "अक्का, जरा विश्वास ठेवा की," असं कुणी म्हटलं, की उत्तर ठरलेलं. "विश्वास पानिपतात गेला."

आमची वस्ती सणसरच्या बाजूला, कालव्याच्या अलीकडे. जत्रा असो की कुणाचा वाढदिवस, भावकी जमली की अक्कांच्या चिकन सॅलडशिवाय पंगत उठायची नाही. उकडून गार केलेली कोंबडी हातानं सोलून केलेले धागे, फडक्यात बांधून ठेवलेलं दही, काकडी, कांदा, डाळिंबाचे दाणे, शेंगदाण्याचं भरड कूट आणि वरून मिरचीची फोडणी. नाव सॅलड असलं तरी होती ती कोंबडीची कोशिंबीरच. अक्कांचे यजमान तात्या मिशीवरून हात फिरवत पंगतीत हिंडायचे. "खावा पाव्हणं, घरचं गावरान हाय. बॉयलर आमच्या उंबऱ्याच्या आत येत न्हाय." गावरान असून इतकं मऊ कसं, याचं पाहुण्यांना नवल वाटायचं. तात्या म्हणायचे, "हाताची करामत हाय."

ती करामत मला कधी दिसली नाही. काकडी चिरून झाली, की अक्का मला स्वयंपाकघराबाहेर काढायच्या आणि आतून कडी लावायच्या. खिडकीला वर्तमानपत्र डकवलेलं असायचं. बाहेर नुसती सावली हलली तरी आतून आवाज यायचा, "कोण हाय तितं?" लग्नाला बारा वर्षं झाली, तरी मी आपली दाराबाहेरच. मला ते फार लागायचं. कृती चोरून मी काय माहेरी नेणार होते?

मग मीही संशय घ्यायला शिकले. जत्रेच्या पहाटे अक्का दोन कोंबडे पिशवीत घालून कुठे जातात? उकिरड्यावर पिसं दिसतात, मग रक्ताचा एक थेंब कसा दिसत नाही? अक्का कोंबडे परस्पर विकतात, अशी माझी जवळजवळ खात्री झाली.

एकदा साखरपुड्याचं आवतण द्यायला मी कालव्यापलीकडे अक्कांच्या मैत्रिणीकडे, चंद्राबाईंकडे गेले. अंगणात एक लंगडा कोंबडा ऐटीत फिरत होता. शेपूट अर्धं, तुरा एका बाजूला पडलेला. मी जागीच थबकले. त्याला तर आम्ही माझ्या लेकीच्या वाढदिवसाला खाल्लं होतं!

चंद्राबाईंचा चेहरा पडला. मला हाताला धरून त्यांनी आत नेलं. "कुणाला बोलू नगंस बाई. पिल्लापासनं वाढवल्यालं, तिला सुरी धरवत न्हाय. हितं आणून सोडती आन् हितली गळल्याली पिसं पिशवीत, वडगावच्या दुकानातलं बॉयलर डब्यात घालून नेती. तात्यांची शान बी ऱ्हाती, कोंबड्यांचा जीव बी ऱ्हातो."

घरी आले, तर अक्का दारातच उभ्या होत्या.

"काय बघितलंस तितं?"

"काही नाही, अक्का."

दूधवाल्यासारखा माझाही चेहरा त्यांनी निरखला. मग नेहमीचं पानिपत न काढताच आत गेल्या.

पुढच्या जत्रेला काकडी चिरून मी सवयीनं उठले. अक्का म्हणाल्या, "कुठं चाललीस? आतनं कडी लाव." त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्या शेजारी बसून कोंबडीचे धागे काढले. माझे डोळे भरून आले, तर त्या म्हणाल्या, "कांद्यानं आलं म्हणायचं, बाहीर कुणी विचारलं तर."

गेल्या वर्षी अक्का गेल्या. वर्ष सरल्यावर, यंदाच्या जत्रेला, सॅलड माझ्या हातचं झालं. सगळं त्यांच्यासारखंच केलं. पहाटे कोंबडे चंद्राबाईंकडे पोचवले, कडी लावली, उकिरड्यावर पिसं टाकली. पण पंगत बसली आणि तात्यांनी पहिला घास खाल्ला. मिशीवर हात नाही, पाहुण्यांना आग्रह नाही. अक्कांनी जन्मभर राखलेली शान मी पहिल्याच पंगतीत घालवली होती.

तात्या उठून स्वयंपाकघराच्या दाराशी आले. माझ्याशी ते कधी चार शब्दांपलीकडे बोलले नव्हते.

"धाकटे," ते हळूच म्हणाले, "चव तिचीच हाय. पण पिसं जरा पांगवून टाकायची. ती अशी ढीग करत न्हवती."

मी पदराचं टोक तोंडाला लावून उभी.

"त्यो लंगडा मला रोज कालव्यावर भेटायचा. तिनं कधी सांगितलं न्हाय, मी कधी विचारलं न्हाय."

साऱ्या जगावर संशय घेणाऱ्या अक्कांना नवऱ्याचा संशय मात्र कधी आला नाही. तात्यांनी उपरण्यानं डोळे पुसले, पंगतीकडे वळले आणि मिशीवर हात ठेवून नेहमीच्या आवाजात म्हणाले, "खावा पाव्हणं, घरचं गावरान हाय!"