एरंडेलातला छर्रा

धुळ्याच्या कॉलेजात इंटर सायन्सला आम्ही दोघीच मुली होतो. डिसेंबरात व्हिस्कॉसिटीचं प्रॅक्टिकल आलं. उंच काचनळीत एरंडेल भरायचं, वरून सायकलचा छर्रा सोडायचा आणि दोन खुणांमधलं अंतर तो किती वेळात कापतो ते मोजायचं. छर्रा जितका रेंगाळेल, तितका तेलाचा वाहण्याला विरोध जास्त.

माझा छर्रा भलताच रेंगाळायचा. उत्तर बाकीच्यांच्या जवळपास दुप्पट येई. सर म्हणाले, "हात थरथरतो तुमचा. सगळ्यांसारखं उत्तर आणा, तरच जर्नलवर सही." सही नाही तर परीक्षा नाही, आणि वर्ष बुडालं की घरचे माझं लग्न उरकणार होते. मुलं मात्र निवांत. वरच्या वर्गाच्या जर्नलातून उत्तर उतरवायची तिथे रीतच होती. एकानं मलाही ती जुनी वही देऊ केली. मला भयंकर राग आला. माझा हात थरथरत नव्हता.

आठवडाभर रोज सकाळी मी मोजत राहिले. तेच उत्तर. एकदा दुपारी मोजलं, तर छर्रा बराच लवकर खाली. तेव्हा मात्र मला रडू आलं; सर म्हणतात तसा माझाच हात चुकतोय की काय?

घरी थोरले काका, आमचे आबा, बैलगाडीच्या आसाला वंगण घालायला बसले होते. एरंडेलाचा डबा त्यांनी आधी चुलीजवळ ठेवला होता. मी कारण विचारलं.

"थंडीमा एरंडेल हालत नही, पोरी. जराखा शेक लागना का मंग पयस."

शेक लागला की तेल पळतं! दुसऱ्या दिवशी मी थर्मामीटर तेलात बुडवला आणि प्रत्येक वेळेपुढे तेलाचं तापमान लिहिलं. तेल चांगलं कोमट केलं, तेव्हा कुठे मुलांचं उत्तर आलं. मग मी ती जुनी वही मागून घेतली. तिच्यावर तारीख एप्रिलची, भर उन्हाळ्यातली होती.

दोन्ही वह्या सरांपुढे ठेवल्या. "सर, हात तुमचा, घड्याळ तुमचं. आत्ता मोजा."

त्यांनी तीनदा मोजलं. माझ्या जर्नलवर सही केली. मग मुलांच्या जर्नलांचा गठ्ठा ओढून आपल्याच सह्या एकेक करून खोडल्या.

माझ्याकडे बोट दाखवून ते मुलांना म्हणाले, "उद्या सकाळी सातला सगळे इथे. तेलाचं तापमान कसं घ्यायचं ते यांना विचारा."

त्या दिवशी विचारायला कुणीही आलं नाही. सकाळी सातला मुलं जमली, तेव्हा मीच थर्मामीटर घेऊन काचनळीपाशी जाऊन उभी राहिले.