मागणी क्रमांक एक

पालघर तालुक्यात कुणाच्याही सांगण्याने जागची हलणार नाही अशी एकच गोष्ट होती, आणि ती म्हणजे आमच्या प्राथमिक शिक्षक संघाचे चिटणीस. समुद्रसुद्धा दिवसातून दोनदा मागे सरतो. चिटणिसांना ओहोटी ठाऊक नव्हती. जिल्हा परिषदा नुकत्याच आल्या होत्या तेव्हाची ही गोष्ट. मी शिरगावच्या मराठी शाळेत शिक्षक होतो, आणि अक्षर बरं असल्याच्या गुन्ह्याखाली चिटणिसांनी मला संघाचा सहचिटणीस करून टाकलं होतं. म्हणजे ते येरझाऱ्या घालत निवेदनाचा मजकूर सांगायचे आणि मी कार्बन घालून तो दाबून दाबून लिहायचा. शिक्षण खात्याला पाठवलेल्या निवेदनांची तिसरी प्रत ते स्वतःजवळ ठेवत. त्या प्रतींनी त्यांच्या घरातली धान्याची एक कोठी भरली होती आणि तांदूळ बिचारे पिशवीत राहायला गेले होते.

अंगाने बुटके, आवाजाने मात्र चांगले सहा फूट. अंगात बारमाही काळा कोट. कोटाच्या वरच्या खिशात संघाचा रबरी शिक्का आणि शाईची गादी. उन्हाळ्यात ही गादी पाझरायची, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक सदऱ्याला नेमका काळजाच्या जागी जांभळा डाग असे. बोलणं सगळं मुद्द्यांत. घरीसुद्धा ते म्हणायचे, "मुद्दा पहिला, चहात साखर कमी आहे. मुद्दा दुसरा, माझा चष्मा सापडत नाही." वहिनीही इतक्या वर्षांत तयार झाल्या होत्या. त्या आतूनच निकाल द्यायच्या, "पहिला अमान्य. दुसरा तुमच्या कपाळावर आहे."

एकदा ते शिरगावला माझ्याकडे आले होते. किनाऱ्यावर बोंबील वाळत घातलेले होते आणि एका कोळणीची आठ-नऊ वर्षांची मुलगी हातात काठी घेऊन कावळे हाकत बसली होती. शाळेच्या वेळेत मुलगी बाहेर दिसली की चिटणिसांचं रक्त उसळायचं. त्यांनी तिच्या आईला तिथेच गाठलं आणि शिक्षणाचा हक्क, सरकारचं कर्तव्य, स्त्रीशिक्षणाची प्रगती असे तीन मुद्दे मांडले. चौथ्याला बाईंनी टोपली खाली ठेवली. "गुरजी, पोरीला शाळंत धाडली तर ही मासळी कोन राखंल? तुमी?"

"राखीन," चिटणीस म्हणाले.

आणि खरोखरच त्यांनी मुलीच्या हातातली काठी घेतली, तिला माझ्याबरोबर शाळेत पाठवलं आणि कोट घालून, छत्री उघडून बोंबलांपाशी बसले. दोन तास बसले. संध्याकाळी पालघरला परतले तेव्हा वहिनींनी त्यांना अंगणातच थांबवलं आणि कोटासकट आंघोळ घातली. पण पुढच्याच आठवड्यात मागणी गेली, की किनाऱ्यावरच्या गावांत मासळी वाळवायच्या दिवसांत शाळा सकाळची भरवावी. ती मान्य झाली. ती मुलगी चौथी पास होईपर्यंत माझ्या वर्गात होती.

बोईसरला त्यांची निराळी तऱ्हा. तारापूरकडे मोठी बांधकामं निघाली होती आणि परप्रांतातून मजूर आले होते. त्यांची मुलं शाळेत घ्यायला मुख्याध्यापक का-कू करत होते. चिटणीस थेट मजुरांच्या झोपड्यांत गेले आणि आपल्या हिंदीत म्हणाले, "तुम्हारा लेकरू लोगको शाळा में धाडो, नाही तो मैं रागावेगा." मजूर पोटभर हसले, पण दुसऱ्या दिवशी अकरा मुलं शाळेच्या पायरीवर हजर होती. मुख्याध्यापकांनी ती घेतली, चिटणिसांवरचा राग मात्र मनात धरून ठेवला.

या माणसाचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात होतं. "जिथे साहेबांची जीप पोचते तिथे सगळं पोचतं. आपली यादी जीप थांबते तिथून पुढे सुरू झाली पाहिजे." त्यामुळे त्यांच्या निवेदनात पहिल्या मागण्या डोंगरातल्या शाळांच्या असत. एकशिक्षकी शाळेला दुसरा शिक्षक द्या, फळा द्या, छप्पर द्या. आम्हा शिक्षकांचा महागाई भत्ता सातव्या किंवा आठव्या क्रमांकावर, पान उलटल्यानंतर यायचा. आणि साहेब लोक पान उलटत नाहीत हे साऱ्या तालुक्याला माहीत होतं.

एका वर्षी यावरूनच सगळं पेटलं. मनोरच्या पुढे डोंगरात एका पाड्यावर कुडाच्या भिंतींची चार यत्तांची शाळा होती. दिवाळीनंतर पाड्यातली माणसं गवत कापायला आणि मिठागरांवर जात, मुलंही बरोबर जात. नेमक्या त्याच दिवसांत शाळा तपासणारे साहेब तिथे पोचले आणि त्यांना वर्गात पाच मुलं दिसली. हजेरी पुरेशी नाही म्हणून शाळा बंद करून नदीपलीकडच्या गावातल्या शाळेला जोडायचं ठरलं. शिक्षकाची बदली झाली. पावसाळ्यात ती नदी मोठ्या माणसांनाही ओलांडता येत नसे.

चिटणिसांनी सायकल काढली. चार रविवार ते पाड्यातल्या माणसांना शोधत खाडीकाठची मिठागरं आणि गवताच्या वखारी फिरले. एका रविवारी मीही बरोबर होतो. मिठाच्या ढिगाशेजारी एक बाप उभा होता. तो आमच्या कागदावर अंगठा उठवताना म्हणाला, "गुरजी, आमी होळीला परत येनार हाव. पोरां शाळंत येतील. पन तवा शाळा तर जाग्यावर हाय पायजे ना?"

परत निघताना चिटणिसांनी अंगठ्यांचे कागद घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवले.

त्याच सुमारास शिक्षण समितीचे सभापती पालघरला येणार होते. संघाला पंधरा मिनिटं मिळाली. आधीच्या सभेत एकमताने ठरलं, की या वेळी फक्त भत्त्याबद्दल बोलायचं. ठरावावर चिटणिसांचीही सही होती. माझ्या घरी तेव्हा चौथ्या बाळंतपणाची तयारी चालू होती, त्यामुळे त्या भत्त्यावर माझाही भलताच जीव होता.

आम्ही पाच जण सभापतींसमोर बसलो. चिटणिसांनी खिशातून अंगठ्यांचे कागद काढले तेव्हाच आम्ही काय ते ओळखलं. बोईसरच्या मुख्याध्यापकांनी त्यांचा कोट मागून ओढून पाहिला, पण ते बोलत राहिले. सभापतींनी सगळं ऐकून विचारलं, "पण त्या पाड्यावर आता तुमच्या संघाचा एकही सभासद नाही. मग हा प्रश्न तुमचा कसा?"

"म्हणूनच आमचा, साहेब," चिटणीस म्हणाले. "तिथे सभासद असता तर तो बोलला असता. तिथे कुणीच नाही, म्हणून आम्हाला यावं लागलं."

सभापतींनी कागद चाळले, कारकुनाला काहीतरी लिहून घ्यायला सांगितलं आणि शाळा चालू ठेवायचं कबूल केलं. मग घड्याळाकडे पाहून ते उठले. चिटणीस घाईघाईने म्हणाले, "बाकीच्या मागण्या लेखी दिल्याच आहेत!" आमचा भत्ता त्या 'बाकीच्या'त गेला.

पुढच्या सभेत रण माजलं. "हा संघ शिक्षकांचा की पाड्यांचा?" असं विचारून मुख्याध्यापकांनी अविश्वासाचा ठराव मांडला. मतं मोजायचं काम नियमाप्रमाणे चिटणिसांचंच. ते शांतपणे खुर्चीवरून उठले आणि एकेका रांगेतून बोटाने मोजत निघाले. ठरावाच्या बाजूने मीही हात वर केला होता, पण जेमतेम खांद्यापर्यंत. ते माझ्यापाशी थांबले.

"मास्तर, हात नीट वर करा," ते म्हणाले. "मोजताना चूक व्हायला नको."

मी हात वर केला. ठराव मंजूर झाला. त्यांनी निकाल वहीत लिहिला, खाली सही केली, शिक्का आणि गादी टेबलावर ठेवली आणि नव्या चिटणिसांना म्हणाले, "मुद्दा एकच. उन्हाळ्यात गादी खिशात ठेवू नका."

पाड्याची शाळा कागदावर चालू राहिली, पण तिथे जायला शिक्षक मिळेना. आम्ही सगळे कारणं सांगून मोकळे झालो. मग कळलं, की माजी चिटणिसांनीच पालघरची शाळा सोडून तिथली बदली मागून घेतली. वहिनी बोलल्या नसतील असं नाही, पण सामान त्यांनीच बांधलं, आणि निवेदनांच्या प्रती मागे ठेवून तांदूळ बरोबर नेले.

होळीनंतर एका सुट्टीत मी त्यांना भेटायला गेलो. सुट्टी आमच्या गावची होती, त्यांची नव्हती. छपरावर नवं गवत होतं. आत चाळीसेक मुलं चार कोपऱ्यांत चार यत्ता करून बसली होती आणि चिटणीस मध्ये उभे राहून चहूकडे शिकवत होते. मला पाहून त्यांनी नमस्कार-चमत्काराला वेळ घालवला नाही. "बरं झालं आलात. दुसरीला वजाबाकी घ्या."

दुपारपर्यंत मी वजाबाकी घेतली. मग वहिनींनी भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी वाढली. जेवून ते मला सडकेपर्यंत पोचवायला आले. एस.टी.ला उशीर होता. इतके महिने राहून गेलेलं मी शेवटी काढलं. "त्या दिवशी सभेत मी..."

"बरोबर केलंत," ते म्हणाले. "तुमच्या घरी तान्हं मूल. तुमच्या जागी मी असतो तर दोन्ही हात वर केले असते." आणि जरा थांबून, "मूल कसं आहे?"

"चांगलं आहे. मुलगी आहे."

"पाच वर्षांनी सांगा. पटावर नाव घ्यायचं आहे तिचं, कुठल्याही शाळेत का असेना."

गाडी आली. खिडकीशी बसून मी मागे वळून पाहिलं. निरोपासाठी ते रेंगाळले नव्हते. कोटाचं टोक सावरत, जवळजवळ धावतच ते चढणीला लागले होते. शाळा सुटायला अजून तासभर अवकाश होता.