आवाज दाबून न देणारा मिस्त्री

आमच्या डोंगरात गाडी कुरकुरली की लोक आधी देवीकडे जातात, मग तेलाकडे, आणि अगदीच इलाज उरला नाही तर खमफान काकांकडे. काकांचं गॅरेज म्हणजे पत्र्याचं छप्पर, मागे माशांचं तळं आणि पुढे काकांचं तोंड. गिऱ्हाईक पळायला ते तोंड पुरेसं होतं.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी काका हसत हसत कुठलाही आवाज बंद करून द्यायचे. स्टिअरिंगचा सांधा वाजतोय? गुरांच्या डॉक्टरची सुई घ्यायची, सांध्याच्या रबरी टोपीत ग्रीस भरायचं, गाडी गप्प. सोंगक्रानच्या सणाच्या तोंडावर गावातल्या थोंगदीची पिकअप त्यांनी अशीच गप्प केली. झिजलेला सांधा झिजलेलाच राहिला, घाटात निखळला आणि गाडी दरीत गेली. गाडीत थोंगदी होता, बाजाराला निघालेल्या बायका होत्या, आणि त्यांच्यात काकांची बायकोही होती.

त्यानंतर सुई चुलीत गेली. "नवं टाकायचं तर बोल," काका म्हणायचे, "आवाज दाबून मिळणार नाही." लोक पलीकडच्या गॅरेजात जायला लागले. तिथे मिळायचा.

गेल्या हिवाळ्यात काकांची मुलगी सायफिन तिची जुनी पिकअप घेऊन आली. मागे कोबी रचलेला, त्यावर फुकटात शहर गाठायला निघालेला मी. वळताना गाडी टकटक करत होती. गाडीच्या देवीला, मे यानांगला, आरशावर ताजी माळ आणि लाल सोड्याची बाटली वाहून झाली होती.

"काय म्हणाली देवी?" मी वरून विचारलं.

"म्हणाली, वरच्या ठोंब्याला उतरव."

काकांनी तेल बघितलं, पट्टा दाबून बघितला. "स्टिअरिंगला झोके दे. थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे." स्वतः खाली निजून एकेका सांध्यावर तळवा ठेवत गेले, वैद्य नाडी बघतो तसे. उजव्या चाकापाशी थांबले. जॅक लावून चाक दोन्ही हातांनी हलवलं.

"टाय रॉडचं टोक, तोच स्टिअरिंगचा सांधा. रबर फाटलंय, आत गोटी खुळखुळतेय. नवं परवाच्या बसने येईल."

"परवा? व्यापारी आज दुपारी माल भरतोय! गावातल्या गाड्या पहाटेच गेल्या. ग्रीस भर बाबा, जाऊन येते तेवढं."

"नाही."

"सगळ्यांच्याच गाड्या वाजतात!"

"वाजू देत."

"थोंगदीचं बरं ऐकलंस? आईला बसवलंस त्यात. माझ्या वेळेलाच धर्म आठवला?"

मी कोबीची पानं बघत राहिलो.

"नको भरूस," सायफिन म्हणाली, "अशीच जाते." ती जॅक काढायला वाकली. काकांनी तिला बाजूला सारलं, नट सोडवला, हातोड्याचे घाव घातले, टोक पिळून काढलं आणि तळ्यात भिरकावलं.

व्यापाऱ्याने दुसऱ्या कुणाचा माल भरला. वर्षाचा कोबी गॅरेजपुढे सडला. बसने आलेलं टोक काकांनी बसवलं, चाकं सरळ केली. सायफिन बापाकडे न बघता गाडी घेऊन गेली.

"म्हाताऱ्याला भलतंच दिसतं," गावात म्हणायचे, "मजेत पोचली असती गाडी." मी वर बसलो होतो म्हणून मलाही विचारायचे. मी काय सांगणार? मी जिवंत होतो, पण तो काही पुरावा होत नाही.

उन्हाळ्यात तळं उपसलं. सगळं गाव मासे धरायला चिखलात उतरलं. सायफिनही आली, बापाशी न बोलता. नेमकं तिच्याच पायाला ते टोक लागलं. तिने धुतलं, पिळून बघितलं. गंजून दगड झालं होतं.

"बघा रे," ती मोठ्याने म्हणाली, "म्हणे आत गोटी खुळखुळत होती! तसूभर तरी हलतंय का?"

टोक हातोहात फिरलं. कुणालाच हलवता आलं नाही. शेवटी काकांकडे आलं. त्यांनी अंगठ्याने गोटी दाबली, पुन्हा दाबली.

"नाही हलत," ते म्हणाले, आणि मासे धरायला वाकले.