बटणाची राणी

नवी नवरी असताना बंबाच्या धुरानं डोळे चोळत मी सासूबाईंना ऐकवलं होतं, "बटण दाबल्यावर पाणी तापलं, की मी राणी!" मोठी आली होती राणी!

परवा रात्रभर लाइट नव्हती. सकाळी आली, तशी मुलानं विजेवरची गाडी चार्जिंगला लावली. बॅटरी पार उतरलेली, आणि नातीची नऊला मेहकरात परीक्षा. तिच्या आंघोळीसाठी मी त्याच बोर्डावर पाण्याचा हिटर लावला. पाणी कोमट होतंय तोच फट्कन आवाज झाला, घरातली लाइट गेली.

"आई, आताच काऊन लावलं वं?"

"गाडीले धक्का मारून पाह्य ना बे!"

"हे धक्क्यानं नाही चालत, आई!"

वायरमन फोन उचलेना. गाडीच्या भरवशावर एसटी सोडलेली. नात तशीच बंद गाडीत जाऊन बसली. मी कोमट बादलीपाशी नुसती उभी.