मनोहरच्या डब्यातलं समुद्रशेवाळ

देवरीत दात बसवायचं दुकान माझं, आणि माझ्याच बापाला दात बसवायला मी नेलं गोंदियाला, मनोहरकडे. मनोहर आणि मी नागपूरला एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलो. त्याचं नाव निघालं की माझ्या पोटात दुखतं. पण बाबांचे उरलेले दात इतके तिरपे, की मी घेतलेला प्लास्टरचा साचा तोंडातच अडकला. फोडून काढावा लागला. बाबा म्हणाले, "आता तुह्या हातानं नाही गा."

आमगावची मोटर सकाळीच धरा, दुपारी उभं राहावं लागतं. रस्ता कच्चा, धूळ नाकातोंडात. बाबा वाटभर खुशीत होते, त्याचाही मला राग आला. आमगाव स्टेशनाबाहेर आलूबोंडे चांगले मिळतात आणि स्वस्तही. बाबांनी आतलं आलू तेवढं खाल्लं. तिथून रेल्वेनं गोंदिया.

मनोहरकडे खुर्चीसुद्धा फिरती. साच्यासाठी विलायती डब्यातली पूड त्यानं रबराच्या वाटीत पाण्यात कालवली. "समुद्राच्या शेवाळापासून बनते, काकाजी. कपडाछपाईचा रंग यानंच घट्ट करतात, आइस्क्रीममध्ये घालतात, जखमेच्या पट्ट्यासुद्धा बनतात."

"आता तोंडात शेवार घालतं का बाप्पा?" बाबा हसले आणि त्यांनी आ केला. माझ्यासमोर इतक्या आनंदानं कधी केला नव्हता.

लापशीसारखा तो गोळा तोंडात बघता बघता रबरासारखा झाला. मनोहरनं ओढला तसा तिरप्या दातांवरून वाकून सुटला आणि पुन्हा होता तसा झाला. टवकासुद्धा उडाला नाही. मी जळून खाक झालो. खोट काढायची म्हणून म्हणालो, "हे टिकत नसेल."

"नहीं टिकता," तो म्हणाला. "सुकलं की आकसतं. म्हणून यात लगेच प्लास्टर ओतायचं." आणि ओतलंही. खोटसुद्धा त्यानंच सांगून टाकली, मला तेवढंही सुख मिळू दिलं नाही. निघताना अर्धी पूड देऊ करत होता. मी नको म्हणालो.

दात तयार झाल्यावर पुन्हा तीच धूळ खाऊन ते आणले. ते इतके चपखल बसले, की मला कानस लावायलाही जागा उरली नाही.

आता बाबा माझ्या दुकानाच्या दारात बसून फुटाणे खातात. परवा चिचगडची एक म्हातारी दातांसाठी आली. मी उठायच्या आत बाबांनी तिला गोंदियाची सगळी वाट सांगितली. तिनं माझ्याकडे बोट केलं. "अन् हा कोण जी?"

"माहा पोरगा," बाबा कौतुकानं म्हणाले. "यानंच नेलं मले तेथं."