वन्सं आणि कामचुकार तीन नंबर

आजचं आजच लिहायला हवं.

माझ्या वन्सं, म्हणजे यांच्या थोरल्या बहीण, शाळेच्या मुलांची ने-आण करतात. सासऱ्यांच्या गॅरेजात वाढल्या, लग्नाच्या फंदात पडल्या नाहीत. सासऱ्यांमागे उरलेली जुनी मोटार स्वतःच दुरुस्त करून चालवतात. मुलं त्यांना गाडीआत्या म्हणतात. एखाद्या मुलीची वेणी सुटलेली दिसली की गाडीत बसवायच्या आधी घट्ट घालून देतात. विस्कटलेलं काही म्हणून त्यांना बघवत नाही.

काल आमच्या घराजवळच्या चढावर गाडीने आचके दिले आणि मुलांसकट बंद पडली. याआधीही एकदा पडली होतीच. मुख्याध्यापिकाबाईंनी स्पष्टच सांगितलं, "उद्या सकाळी पालक मुलांना सोडतील. दुपारी तुमची गाडी धड चालली तर ठीक, नाहीतर मी दुसरी ठरवते." वन्संच्या घशाखाली घास उतरला नाही. ती मुलं गेली तर त्यांच्या दिवसात उरतं काय?

आज सकाळी प्रार्थना आटोपून गॅरेजात डोकावले, तर बॉनेट उघडं आणि वन्सं इंजिनाला कान लावून उभ्या.

"वहिनी, नुसतं देवाचं नाव घेत उभी राहू नकोस. आत बस आणि गाडी चालू ठेव."

जाड रबरी हातमोजा घालून त्यांनी ठिणगी पाडणाऱ्या चार प्लगांवरच्या, वायरींच्या टोकाच्या टोप्या एकेक करून काढल्या आणि परत बसवल्या. पहिली काढली, इंजिन लंगडलं. दुसरी काढली, तेच. तिसरी काढली, तर इंजिनाला पत्ताच नाही! चौथीला पुन्हा लंगडलं.

"हा बघ कामचुकार!" वन्सं ओरडल्या. "तिघं राबतात आणि हा फुकट खातो."

"आपल्या घरातही आहे एक," मी म्हटलं. दारात चहा पीत उभे असलेले हे गुपचूप आत गेले.

इंजिन बंद करून वन्संनी तिसरा प्लग काढला. पेट्रोलने ओला! "पेट्रोल पोचतंय, पण पेटत नाही. म्हणजे ठिणगीच नाही." मग दुसरा प्लग तिसऱ्याच्या जागी घातला, तिसरा दुसऱ्याच्या. प्लग बिघडला असता तर दुखणं त्याच्याबरोबर दोन नंबरला गेलं असतं. पण गाडी पुन्हा चालू केली तरी मेलेला राहिला तो तीन नंबरच.

"प्लगाचा दोष नाही. करंट वाटेतच गळतोय."

"करंट गळतो?"

"नळासारखा. पण वायर ओली केली की दिसतो अंधारात. शटर ओढ, आणि तुझी इस्त्रीची फवाऱ्याची बाटली आण. पळ!"

मी पळाले, या वयात! धूर जायला मागचं दार उघडं ठेवून त्यावर जाड चादर टांगली. वन्संनी गाडी चालू केली.

"वायरींवर लांबून फवारा दे. हात लावशील तर बघ!"

मी फवारा मारला आणि, अगं बाई! तड् तड् तड्, निळ्या ठिणग्या!

"देवा रे!"

"देवाला नंतर हाक मार, कुठून उडतात ते बघ आधी!"

"वन्सं... वेणीतून!"

शाळेच्या सुट्टीत वन्संनी इंजिन लख्ख पुसलं होतं. लोंबणाऱ्या चार वायरी डोळ्यांत खुपल्या, म्हणून त्यांची मस्त घट्ट वेणी घातली होती. एकमेकींना घासून तीन नंबरच्या वायरीचं आवरण झिजलं, आणि ठिणगी प्लगापर्यंत जायचं सोडून शेजारणीवर उड्या मारत होती.

"म्हणजे मीच?" वन्सं म्हणाल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

गाडी बंद करून वेणी सोडली. सासऱ्यांच्या डब्यात एक जुनी पण धड वायर निघाली, ती तीन नंबरला बसवली. चौघींना अंतर राखून लावलं. चावी फिरवली, आणि इंजिन असं सुरेल चाललं की माझ्या अंगावर काटा आला.

दुपारी मी फाटकाशी उभी. नामस्मरण चाललेलं, लक्ष सगळं चढाकडे. भोंगा वाजला! गाडी एक आचका न देता वर आली. पुढच्या सीटवर साक्षात मुख्याध्यापिकाबाई! खात्री करायला स्वतः बसल्या होत्या.

"उद्या सकाळी नेहमीच्या वेळेला या," एवढंच म्हणून त्या उतरल्या. माझा जीव भांड्यात पडला.

मागून एक चिमुरडी ओरडली, "गाडीआत्या, माझी वेणी सुटली!"

"आण इकडे," वन्सं म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. "हिची चालेल ना गं?"